हातात बंदूक, तरी घाम फुटतो!

परवा रात्री आईचा फोन आला तेव्हा मी हेडफोन लावून ‘फिअर’ खेळत होतो. स्क्रीनवर एक रिकामं ऑफिस, टॉर्चचा मिणमिणता उजेड आणि पाच मिनिटं झाली तरी एक दार उघडायची माझी हिंमत होत नव्हती. तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल थरथरला आणि मी खुर्चीतून अक्षरशः उडालो. आवाज असा का येतोय, म्हणून आईने विचारलं. खरं ते सांगितलं. ती म्हणाली, ‘‘पैसे देऊन घाबरायचं? एवढीच हौस असेल तर महिन्याचं लाइट बिल बघ की!’’

हसलो खरा, पण प्रश्न डोक्यात राहिला. पैसे देऊन का घाबरायचं? आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, या गेममध्ये मी घाबरतोच कसा? कारण ‘फिअर’मधला हिरो काही घाबरट कॉलेजकुमार नाही. फर्स्ट एन्काउंटर असॉल्ट रिकॉन नावाच्या खास पथकातला तो जवान आहे. हातात भारी शस्त्रं आहेत. वर एक अचाट शक्ती आहे. बटण दाबलं की त्याच्यासाठी वेळच मंदावतो. समोरून येणाऱ्या गोळ्या हवेत रेघा ओढत जाताना दिसतात, प्लास्टर उडतं, काचा तरंगतात आणि समोरच्याला कळायच्या आत आपण त्याला आडवं केलेलं असतं. थोडा वेळ थांबलं की शक्ती पुन्हा भरते. साउथच्या सिनेमातल्या हिरोलाही हेवा वाटेल असा सगळा मामला. मग घाम का फुटतो?

मोनोलिथ प्रॉडक्शन्स या अमेरिकन स्टुडिओने हा गेम २००५मध्ये आणला. म्हणजे माझ्या पिढीच्या हिशेबाने जुनापुराणाच. पण माझ्या सेकंडहँड लॅपटॉपवर नवे गेम गुदमरतात, म्हणून सेलमध्ये हा घेतला. आणि आज ठामपणे सांगतो, की ग्राफिक्स कितीही जुने वाटोत, भीतीच्या बाबतीत हा गेम नव्यांना शिकवणी देईल.

कारण यात दोन वेगळे गेम आहेत. पहिल्यात शत्रू आहेत, क्लोन केलेले सैनिक. ते हुशार आहेत. एकमेकांना ओरडून सांगतात, टेबलं उलटी करून आडोसा करतात, दुसऱ्या दाराने मागून येतात. त्यांची ही हुशारी कशी घडवली, यावर जेफ ऑर्किन या प्रोग्रामरने २००६मध्ये मांडलेला निबंध गेम बनवायला शिकणारी मुलं आजही वाचतात. पण एवढ्या हुशार सैनिकांची मला भीती वाटत नाही. टेन्शन येतं, मजा येते, हरलो तर चिडचिड होते. कारण त्यांच्यावर इलाज आहे. बटण दाबायचं, वेळ मंद करायचा, संपवायचं.

दुसरा गेम सुरू होतो तो सैनिक संपल्यावर. रेडिओवर खरखर ऐकू येते, टॉर्च फडफडतो. आणि कॉरिडॉरच्या टोकाला लाल फ्रॉक घातलेली, केस मोकळे सोडलेली एक लहान मुलगी दिसते. तिचं नाव आल्मा. ती काय करू शकते हे आपण पाहिलेलं असतं. जवानांच्या अख्ख्या तुकडीचे तिने क्षणात नुसते सांगाडे केलेले असतात. आपल्याला मात्र बहुतेक वेळा ती काहीच करत नाही. उभी राहते, बघते आणि जाते. यावर आपल्या शक्तीचा उपयोग काय? वेळ मंद केला, तर ती फक्त जास्त वेळ दिसणार!

यातला एक प्रसंग गेमर्समध्ये फेमस आहे. एके ठिकाणी शिडीवरून खाली उतरायचं असतं. उतरायचं म्हणजे आधी वळावं लागतं. आपण वळतो आणि समोर, हातभर अंतरावर, ती! त्या क्षणी दोन्ही हात शिडीवर. बंदूक नाही, काही नाही. मी तिथे चक्क एस्केप दाबून पाणी प्यायला गेलो. गेमने फार काही केलेलं नसतं. फक्त एका सेकंदासाठी आपले हात रिकामे केलेले असतात.

माझं मत असं, की खरी भीती नेमकी इथे आहे. भूत किती अक्राळविक्राळ आहे, रक्त किती सांडलंय, यावर ती ठरत नाही. आपल्याकडे जे आहे ते इथे चालत नाही, हे कळलं की ती वाटते. म्हणून ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे शक्ती आहे त्याला घाबरवणं जास्त परिणामकारक ठरतं. मार्क आहेत, डिग्री आहे, तरी इंटरव्ह्यूच्या खोलीबाहेर तळहात ओले होतातच की.

याची उलटी परीक्षाही याच मालिकेने देऊन ठेवलीय. २०११मधला तिसरा भाग दुसऱ्या स्टुडिओने बनवला. त्यात दोघं मिळून खेळता येतं. एकाने जवान व्हायचं, दुसऱ्याने चक्क भूत! हे भूत शत्रूंच्या अंगात शिरून त्यांच्याच बंदुका चालवतं. रूममेटबरोबर खेळलो, धमाल आली. पण घाबरलो का? अजिबात नाही. आम्ही चिप्स खात होतो. शक्ती वाढली, सोबत मिळाली आणि भीती पळाली.

आता थोडं कथेविषयी. स्पॉयलर नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडा. आल्मा राक्षस म्हणून जन्माला आलेली नाही. तिच्यात विलक्षण मानसिक शक्ती होती. एका कंपनीने तिला लहानपणीच कोमात ढकलून प्रयोगशाळेत डांबलं, तिच्या शरीराचा वापर करून दोन मुलं जन्माला घातली. या प्रकल्पावर काम करणारा शास्त्रज्ञ होता तिचा स्वतःचा बाप. नंतर यंत्रं बंद केली. तिला मरायला सहा दिवस लागले. आणि तिच्या दोन मुलांपैकी एक म्हणजे आपण, हा बंदूकवाला हिरो. ज्या शक्तीच्या जोरावर आपण इतका वेळ भाव खात होतो, ती आईकडूनच आलेली असते. हे कळल्यावर मी लॅपटॉप बंद केला. आता भीती वाटत नव्हती. लाज वाटत होती.

दुसऱ्या भागात, म्हणजे २००९मध्ये, याच आल्माला शेवटी बलात्कार करणारी दाखवलंय. तिच्यावर जे झालं तेच तिच्या हातून करवून शेवटचा धक्का देण्याचा हा प्रकार मला पटला नाही. तिची कथा एवढी समजून घेतल्यावर पुन्हा तिलाच सैतान करायचं, हा सोपा मार्ग होता.

पण आपण तरी काय वेगळं करतो? आमच्या कोकणातल्या गावात एक विहीर आहे. तिथे हडळ आहे, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. तिन्हीसांजेला त्या वाटेने जायचं नाही, हाक आली तर ओ द्यायची नाही, वगैरे. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा गेम डोक्यात ताजा होता. आजीला पहिल्यांदाच विचारलं, ‘‘आजी, ती बाई विहिरीत पडली कशी गं?’’

आजी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘पडली नाय रे ती.’’

पुढे ती फारसं बोलली नाही. सासरचे कसे होते, एवढं म्हणाली. मी नाव विचारलं. आजीने बराच वेळ आठवून पाहिलं. आठवलं नाही. तिचं भूत अख्ख्या गावाला माहीत आहे, नाव कुणालाच नाही.

हॉरर गेम म्हटलं की घरोघरी एकच चर्चा होते, पोरं बिघडतात. वयाची अट पाळायला हवीच. ‘फिअर’ सतरा वर्षांखालच्यांसाठी नाही आणि धाकट्या भावाला शेजारी बसवून तो खेळू नये. पण बिघडण्याच्या पलीकडेही काही होऊ शकतं. आयुष्यभर ज्या विहिरीला वळसा घालून गेलो, तिच्याविषयी साधा प्रश्न विचारावा, हे मला एका वीस वर्षं जुन्या गेममुळे सुचलं.

आईला अजून हे सगळं सांगितलेलं नाही. पैसे देऊन का घाबरायचं, याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. गणपतीला घरी गेलो की तिला आणि आजीला एकत्र बसवून सांगणार आहे. आणि पुन्हा एकदा ते नाव विचारणार आहे. कदाचित दोघींना मिळून आठवेल.