घरगृहस्थी : वाफेचा ड्रायर रुसतो तेव्हा

आषाढ लागला की दिवाळ्यात दोरीवरचे कपडे वाळणे जवळजवळ थांबते. गावाच्या एका अंगाला पनवेलची खाडी, दुसऱ्या अंगाला बेलापूरच्या कार्यालयांच्या उंच इमारती. मधल्या दाटीतील घरांच्या गॅलरीत वारा येतो तोही खाडीची ओल घेऊनच. तिसऱ्या दिवशीही टॉवेलला कुबट वास येतो. चातुर्मासात घरात कोठेही बुरशी धरू नये म्हणून जपणाऱ्या कुटुंबाला तर ओल्या कपड्यांचा ढीग अधिकच सलतो. अशा घरांत वाफेचा ड्रायर आला तर त्यात नवल नाही. मात्र पहिल्याच पावसाळ्यात त्याच्याविषयी तक्रारी सुरू होतात, मेकॅनिकला बोलावले जाते, आणि पुष्कळदा तो जाळी झटकून पैसे घेऊन जातो.

सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे वाफेचा कार्यक्रम लावूनही कपडे ओलेच निघतात. येथे दोष यंत्राचा नसून समजुतीचा असतो. वाफ कपडे वाळवण्यासाठी नसते. कपाटात चुरगळलेल्या, दमट वास धरलेल्या, पण कोरड्या कपड्यांना किंचित ओल देऊन त्यांच्या सुरकुत्या सोडवणे एवढेच तिचे काम. धुतलेले ओले कपडे आधी नेहमीच्या कार्यक्रमावर वाळवावेत आणि वाफेच्या फेरीत चार-पाचच कपडे मोकळे फिरतील असे घालावेत. ड्रम ठासून भरला तर वाफ आतल्या घड्यांपर्यंत पोहोचत नाही. काचेतून वाफ दिसत नाही, किंवा दाराच्या आतल्या बाजूला दोन-चार थेंब जमतात, म्हणूनही घाबरू नये. पूजेच्या रेशमी वस्त्रांच्या बाबतीत शिवलेल्या पट्टीवरील खूण पाहिल्याखेरीज त्यांना ड्रायरमध्ये जागा देऊ नये.

वाफ खरोखरच बंद पडली असेल तर पाण्याचा मार्ग तपासावा. नळ अर्धवट बंद आहे का, यंत्र भिंतीकडे सरकवताना नळी दुमडली आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर नळ बंद करून, प्लग काढून, यंत्राला जोडलेले नळीचे टोक सोडवावे. त्या तोंडाशी बहुतेक यंत्रांत एक लहानशी जाळी असते. पिण्याचे पाणी गाळल्यावाचून न वापरणाऱ्या घरातही ही जाळी वर्षानुवर्षे कोणी पाहिलेली नसते! नवी मुंबई महापालिकेचे मोरबे धरणाचे पाणी बोअरच्या पाण्याइतके क्षारयुक्त नसते. पण इमारतीच्या टाकीतील गाळ आणि अधूनमधून येणारा टँकर ही जाळी बुजवण्यास पुरेसे आहेत. जुन्या दात घासण्याच्या ब्रशने ती साफ होते. नळाऐवजी टाकीतून पाणी घेणाऱ्या यंत्रात मात्र पुस्तिकेने सांगितलेलेच पाणी भरावे.

पाण्यापेक्षा हवेचा प्रश्न मोठा आहे. पाच किलो सुती कपड्यांत यंत्राने पिळल्यानंतरही अडीच-तीन लिटर पाणी उरते, आणि ते सारे हवेवाटे बाहेर पडायचे असते. त्या हवेची वाट अडली की तासाचे काम तीन तासांवर जाते आणि विजेचे बिल फुगते. वाट अडवतो तो कपड्यांवरून सुटणारा तंतूंचा कापूस, ज्याला यंत्राची पुस्तिका लिंट म्हणते. दर फेरीनंतर जाळीवरचा हा थर हाताने काढावा. एवढे करूनही वेळ लागत असेल तर जाळी नळाखाली धरावी. पाणी आरपार न जाता वर साचून राहिले, तर कापडाला मऊपणा देणाऱ्या द्रवाचा किंवा सुगंधी पट्ट्यांचा न दिसणारा लेप तिच्यावर बसला आहे असे समजावे. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश यांनी तो निघतो. जाळी पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी.

हवा बाहेर सोडणाऱ्या यंत्राची मागची नळी भिंतीला चेपली जाते, ती अधूनमधून पाहावी. लहान घरांत ही नळी खिडकीबाहेर न काढता न्हाणीघरातच सोडलेली आढळते. मग कपड्यांतील ते अडीच लिटर पाणी घराच्या भिंतींवर जाऊन बसते, आणि ज्या बुरशीपासून सुटण्यासाठी यंत्र घेतले तीच छताला धरते. हवा थंड करून पाणी टाकीत जमा करणाऱ्या यंत्राला नळी लागत नाही, पण त्याची टाकी दर वेळी रिकामी करावी लागते, कंडेन्सरही ठरावीक काळाने साफ करावा लागतो आणि खोलीचे दार उघडे ठेवावे लागते. धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात होत असेल तर आणखी एक गफलत होते. आठ किलो धुणारे यंत्र बहुधा पाच-सहा किलोच वाळवू शकते, म्हणून अर्धे कपडे काढून ठेवावेत.

कपडे ओले असतानाच यंत्र थांबत असेल तर ड्रमच्या आतल्या बाजूच्या दोन धातूच्या पट्ट्या पाहाव्यात. ओले कापड त्यांना टेकले की यंत्राला ओल कळते. त्यांच्यावर लेप बसला, किंवा ड्रममध्ये दोनच रुमाल असले, तर यंत्राची फसगत होते. व्हिनेगरने ओलावलेल्या फडक्याने त्या पट्ट्या पुसाव्यात.

लिंट हा केवळ बिल वाढवणारा कचरा नव्हे; तो झटकन पेट घेतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळाच्या अभ्यासात निवासी इमारतींतील ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे 2,900 असल्याचे नोंदवले, आणि त्यांतील सुमारे 34 टक्के आगींमागे साफसफाई न करणे हे कारण आढळले. आपल्याकडे आणखी एक धोका संभवतो. बाळाच्या मालिशीची दुपटी, स्वयंपाकघरातील तेलकट फडकी एका धुण्यात निघत नाहीत. तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाचा अंश राहिलेले गरम कापड गोळा करून ठेवले, तर ते आतल्या आत तापत जाऊन पेटू शकते. असे कपडे दोरीवरच वाळवावेत. शेवटची थंड हवेची फेरी मध्येच तोडून गरम कपड्यांचा ढीगही करू नये, आणि घरातील सारे बाहेर पडताना यंत्र चालू ठेवू नये.

विजेच्या बाबतीत घरगुती शहाणपण आवरते घ्यावे. तापणारे यंत्र दोन हजार वॅट किंवा त्याहून अधिक वीज ओढते. त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नको. खाडीकाठच्या खारट हवेत प्लगच्या पितळी पिना हिरवट पडतात आणि सैल, गंजलेल्या जोडाशीच उष्णता साचते. यंत्र चालू असताना प्लग हाताला गरम लागला, जळका वास आला, किंवा बटण दाबताच घरातला एमसीबी पडला, तर यंत्र बंद करून मेकॅनिकलाच बोलवावे. ड्रम फिरतो पण तापत नाही, अशा वेळी बहुधा उष्णतेने तुटणारा फ्यूज गेलेला असतो. नवा फ्यूज बसवून घेताना, हवा कोठे अडली होती हे त्याच वेळी मागचे झाकण उघडून त्याच्याकडून पाहून घ्यावे. नाहीतर तो फ्यूज पंधरवड्यात पुन्हा जातो.