नादाबरोबर अर्थही पाहा

बालवाडीच्या हजेरीपटावर आज शिवांश, दिव्यांश, रेयांश, श्रेयांश अशी नावे एकापाठोपाठ एक भेटतात. कानाला ती भावंडे वाटतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. शिवांश म्हणजे शिवाचा अंश, हे सरळ आहे. रेयांशचा 'सूर्यकिरणाचा अंश' हा अर्थ मात्र संस्कृतात बसत नाही. तिथे किरणाला रश्मी किंवा अंशु म्हणतात. या अर्थामागे दिसतो तो इंग्रजी 'रे'. श्रेयांशचे मूळ रूप श्रेयांस. अकराव्या जैन तीर्थंकरांचे हे नाव 'श्रेयस्'पासून आले आहे. त्यात 'अंश' नाहीच.

आरव या लाडक्या नावाचा अर्थ 'शांत, मंजुळ स्वर' असा सांगितला जातो. कोशात आरव म्हणजे मोठा आवाज, गलका. शांत असतो तो नीरव. मिहिर म्हणजे सूर्य, तर मिहिका म्हणजे धुके. शीला म्हणजे शीलवती आणि शिला म्हणजे दगड. रोमन लिपीत दोघी एकाच स्पेलिंगात अडकतात. कियारा हे इटालियन नाव, अर्थ उजळ, तेजस्वी. त्याच्याशी रोमन अक्षरांत जवळपास जुळणाऱ्या आयरिश नावाचा अर्थ आहे काळीसावळी. अक्षरे जुळली म्हणजे अर्थ जुळत नाही.

हा घोळ होतो कसा? 27 नक्षत्रांच्या चार-चार चरणांची मिळून 108 नावरस अक्षरे. बाळाच्या जन्मनक्षत्राच्या चरणावरून त्यातले एक हाती येते, मोबाइलवरच्या यादीत त्या अक्षराचे नाव शोधले जाते, ताईच्या किंवा दादाच्या नावाशी यमक जुळवले जाते आणि शेजारी छापलेला गोड अर्थ न तपासता स्वीकारला जातो. एका यादीतली चूक दुसरी यादी उचलते आणि काही वर्षांत तीच परंपरा म्हणून सांगितली जाते.

अर्थाला महत्त्व नाही, असे कुणी म्हणू नये. सातारा जिल्ह्यात 2011 साली 'नकुशी', म्हणजे नको असलेली, हे नाव वाट्याला आलेल्या 280हून अधिक मुलींचे नव्याने नामकरण करावे लागले. हाक मारताना प्रत्येक वेळी अर्थही उच्चारला जातो, हे त्या मुलींइतके कुणाला कळणार?

नवे नाव घडवण्यात काहीच गैर नाही. परभाषेतले नाव घेण्यातही नाही. भाषा अशीच वाढते. पण घडवलेल्या नावाला खोटी संस्कृत वंशावळ चिकटवणे ही मुलाची फसवणूक आहे. 'माझ्या नावाचा अर्थ काय?' हा प्रश्न ते कधीतरी विचारणारच. 'आम्हाला हा नाद आवडला' हे उत्तर प्रामाणिक आहे आणि पुरेसेही आहे.

म्हणून आत्याने बाळाच्या कानात नाव सांगण्याआधी वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश उघडावा, मराठीसाठी मोल्सवर्थचा शब्दकोश पाहावा, जवळच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाईंना विचारावे. घाईचे कारण नाही. जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि त्यानंतर 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क नोंदवता येते. आयुष्यभर सोबत राहणाऱ्या शब्दासाठी एवढी चौकशी आईबापांनी जरूर करावी.