पाणी चढ चढते, पण कोणासाठी?



सिन्नर तालुका अवर्षणप्रवण आहे, हे कृषी महाविद्यालयात आमच्याकडून घोकून घेतले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख, मुरमाड जमीन, रुसलेला निसर्ग. परीक्षेत मीही तेच लिहिले, मार्क मिळाले. गावोगाव हिंडू लागलो तेव्हा कळले, उत्तर अर्धेच होते.

कोरड्या खडकावर कोणी राजधानी वसवत नाही. देवगिरीला जाण्याआधी सेऊण यादवांची राजधानी सिन्नरला होती. गोंदेश्वराचे देऊळ त्याच राजवटीतले. ते दगड घडवणारे हात काय वाऱ्यावर जगले?

कोनांब्याकडून येणारी देवनदी पाहा. तिच्यावर इंग्रजी अमदानीपासूनचे छोटे बंधारे आहेत. बंधाऱ्याला पाट, पाटाला पाळी. वीज नको, इंजिन नको, पाणी उताराने शेतात. पुढे विहिरींवर मोटारी बसल्या, पाटात गाळ साचला आणि सरकार तर सरकार, आपणही त्याकडे पाठ फिरवली. हे कबूल केले पाहिजे. 'युवा मित्र' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यातले कित्येक पाट पुन्हा वाहते केले. म्हणजे निसर्ग तोच, पाऊस तोच, फक्त गाळ काढायचा राहिला होता.

आता शेजारी बघा. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सिन्नरच्या पूर्व भागात, वावी-पाथरेकडे, पाचशे पडला तरी वर्ष बरे म्हणायचे. १९१६ साली इगतपुरी तालुक्यात दारणा धरण पुरे झाले. ते पाणी नांदूरमधमेश्वरहून कालव्याने कोपरगाव-राहात्याच्या उसाला गेले, सिन्नरच्या उंबऱ्याजवळून. विचारले की साहेब सांगतात, "तुमचा तालुका उंचावर आहे. पाणी चढ चढत नाही."

खरे आहे, कालवा डोंगर चढत नाही. पण २००६ नंतर गुळवंच-मुसळगावची सुमारे हजार हेक्टर जमीन विशेष आर्थिक क्षेत्रासाठी गेली. तिथे १३५० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राचा घाट घातला, तेव्हा नाशिक शहराचे सांडपाणी शुद्ध करून पाइपाने वर आणायची योजना याच सरकारने आखली! कारखान्यासाठी पाणी चढते, ज्वारीसाठी चढत नाही. हा भूगोल कोणत्या पुस्तकात आहे? आणि ते केंद्र वर्षानुवर्षे थंडच पडून राहिले. जमीन गेली ती गेलीच.

आता वैतरणेचे पाणी कडवामार्गे देवनदीत आणायच्या नदीजोड योजनेचा गाजावाजा चालू आहे. पाणी येणार असेल तर स्वागतच. पण त्यात उद्योगांचा वाटा आहे, आणि पाइप आधी कोणाच्या दारात पोचतो ते आपण पाहिले आहे.

आपल्याला उसासारखे बारमाही पाणी नको. रब्बी ज्वारीला पोटरीत एक पाळी आणि कपाशीला बोंडे भरताना एक, एवढे मिळाले तरी कोरडवाहू रानाचे उत्पन्न पुष्कळ वाढते. तेव्हा शेतीचा वाटा किती दलघमी, तो कोणत्या गावांना आणि कोणत्या महिन्यात, हे काम सुरू होण्याआधी कागदावर आले पाहिजे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या शिवारातले जुने बंधारे, बुजलेले पाट आणि आटलेल्या विहिरी यांची यादी गट नंबरासह आणावी. ग्रामसभेचा ठराव सोबत असावा. ठरावात "शासनास विनंती" हे शब्द नकोत, "आमचा हक्क" लिहा.