पती-पत्नी एकत्रीकरण : सातासमुद्रापार!



जिल्हा परिषदेच्या बदल्यांचा विषय निघाला की एक शब्द हमखास येतो – पती-पत्नी एकत्रीकरण. दोघांच्या शाळांमध्ये 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर बदलीत प्राधान्य मागता येतं. तेवढ्या अंतरासाठीही आपण किती कागद जोडतो, किती हेलपाटे घालतो! मग जोडीदार म्युनिकला, दुबईला किंवा टोकियोला असेल तर? तिथे ना संवर्ग, ना पोर्टल. असतो तो फक्त नातेवाइकांचा भरवसा : "अगं, तू इंग्रजीची शिक्षिका. तुला काय, कुठेही नोकरी मिळेल!"

हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि अर्ध्या सत्यावर चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जोडीदाराजवळ राहायची इच्छा अगदी योग्य. त्यात कमीपणा काहीच नाही. पण "तिकडे गेल्यावर बघू" हे चालणार नाही. बघायचं ते इथूनच बघून जायचं.

पहिला प्रश्न : काम करायची परवानगी आहे का?

आपण आधी नोकऱ्यांच्या जाहिराती शोधतो. खरं तर आधी व्हिसा बघायला हवा. जोडीदाराच्या व्हिसावर गेल्यावर प्रत्येक देश वेगळं वागवतो. जर्मनीत कुटुंब म्हणून गेलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी करता येते. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदारालाही बहुतेक सगळी कामं खुली आहेत. जपानमध्ये अवलंबित व्हिसावर वेगळी परवानगी काढावी लागते आणि आठवड्याला 28 तासांचीच मर्यादा असते. म्हणजे शिकवणी, अर्धवेळ वर्ग जमतील. पूर्णवेळ शाळा हवी तर व्हिसाच बदलावा लागेल.

अमेरिकेचं गणित सगळ्यांत अवघड. एच-1बी वर असलेल्याच्या जोडीदाराला एच-4 व्हिसा मिळतो, पण तेवढ्यावर नोकरी करता येत नाही. 2015 पासून काही जणांना वर्क परमिट मिळू लागलं, पण त्यासाठी साधारणपणे जोडीदाराच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया एका ठरावीक टप्प्यापर्यंत गेलेली असावी लागते. तोवर एम.ए., बी.एड. झालेली बाई घरी बसते. हे लग्नाआधी किती जण विचारतात?

दुसरा प्रश्न : तिथे आपली इंग्रजी 'चालते' का?

इथे मनाला लागणारी गोष्ट आहे, पण माहीत असावी. अनेक देशांत इंग्रजी शिक्षक म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला, असंच धरतात. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकांचा जो व्हिसा आहे, तो इंग्रजीसाठी मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. 2010 मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया करारात भारतीय शिक्षकांसाठीही सहायक शिक्षक म्हणून एक वाट ठेवली आहे, पण ती अरुंद आहे.

हा नियम मला शिक्षणाच्या दृष्टीने पटत नाही. मराठीत इंग्रजीसारखी 'अ', 'द' ही उपपदं नाहीत. जपानी आणि कोरियनमध्येही नाहीत. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यांचंही तसंच. जपानी मूल इंग्रजी वाक्यात जिथे अडखळतं, जवळपास तिथेच आपली पाचवीतली मुलं अडखळतात. ही अडचण स्वतः ओलांडून आलेल्या शिक्षकाला ती जास्त नीट समजावता येते. मुलाखतीत हेच सांगा. "माझी मातृभाषा इंग्रजी नाही" हे खाली मान घालून नको, ताकद म्हणून सांगा. एखादा नियम त्याने बदलणार नाही, पण खासगी वर्ग, प्रौढांचे क्लास, कंपन्यांमधलं प्रशिक्षण अशा ठिकाणी फरक पडू शकतो.

आखाती देशांचं चित्र वेगळं आहे. संयुक्त अरब अमिरातीत भारतीय अभ्यासक्रमाच्या कितीतरी शाळा आहेत. तिथे आपली बी.एड. आणि आपला अनुभव यांना थेट किंमत आहे. जर्मनीत मात्र सरकारी शाळेत शिरायला पदवीची मान्यता आणि उत्तम जर्मन, दोन्ही लागतं. प्रौढ शिक्षण केंद्रांत इंग्रजीचे वर्ग असतात, पण ते काम बहुधा तासांवर मिळतं. इंग्रजी शिकवायलाही तिथली भाषा यावी लागते, कारण पालकसभा, स्टाफरूम आणि नोटीस बोर्ड इंग्रजीत चालत नाही!

मग निघण्याआधी काय करावं?

एक, कागदपत्रं. पदवी, बी.एड. आणि अनुभव प्रमाणपत्र मूळ प्रतीत हातात घ्या. अमिरातीसाठी पदवीवर आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाचं आणि शेवटी त्या देशाच्या दूतावासाचं साक्षांकन लागतं. तिकडे जाऊन हे करायचं म्हणजे इथे भावाला किंवा सासऱ्यांना पळवायचं. पोलीस क्लिअरन्सचंही तेच.

दोन, एखादा जगभर ओळखला जाणारा कोर्स. केंब्रिजच्या सेल्टामध्ये प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि त्याचं मूल्यमापन होतं. नुसत्या ऑनलाइन प्रमाणपत्रापेक्षा त्याला वजन आहे. खर्च बराच आहे, म्हणून आधी व्हिसाचं उत्तर मिळवा, मगच फी भरा.

तीन, राजीनामा सगळ्यात शेवटी. बिनपगारी रजा मिळण्यासारखी असेल तर आधी ती मागा. मोठ्या सुट्टीत जाऊन महिनाभर राहून या. जवळपासच्या शाळा बघा, तिथल्या भारतीय शिक्षकांशी बोला. काहीच जमलं नाही तरी हात रिकामे ठेवू नका. उत्तर अमेरिकेत महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात. तिथे बहुतेक जण स्वयंसेवक म्हणून शिकवतात. पगार नाही, पण फळ्यासमोर उभं राहायची सवय मोडत नाही.

पालकांना एक विनंती. मुलीचं परदेशातलं स्थळ बघताना पगार, फ्लॅट, पॅकेज सगळं विचारता. त्याच बैठकीत हेही विचारा : "मुलाचा व्हिसा कोणता? त्यावर आमच्या मुलीला काम करता येईल का? नसेल तर किती वर्षं?" यात उद्धटपणा काही नाही. तुम्हीच तिला पदवीपर्यंत शिकवलंत, पुढे बी.एड.ची दोन वर्षं फी भरलीत. आणि हा प्रश्न मुलालाही लागू आहे. परदेशी गेलेल्या नर्स बायकोच्या मागे जाणारा शिक्षक नवराही तिथे 'अवलंबित'च असतो.

संसार एकत्र हवा आणि वर्गही हवा. दोन्ही मागणं हा हावरटपणा नाही. फक्त विमानाच्या तिकिटाआधी कागदावर दोन रकाने आखा : मला काम करायची परवानगी केव्हा मिळेल, आणि तोवर मी काय करणार? दोन्ही रकाने भरले की खुशाल बॅग भरा.