पदवी : शिदोरी की दाखला?

परमुलुखात नोकरी करणारी आपण मराठी मंडळी गणेशोत्सवाच्या निमित्ताने एकत्र जमलो, की बोलणे हटकून आजच्या पदवीधरांवर घसरते. "बी. ए. झालेल्या पोराला साधी टिप्पणी लिहिता येत नाही. विद्यापीठे करतात तरी काय?" असा सवाल एखादे अधिकारी टाकतात आणि बाकीचे माना डोलावतात. मी इतिहासाचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा कारकून. हा आरोप मला साफ अमान्य आहे.

टिप्पणी शिकविणे हे विद्यापीठाचे काम नव्हेच. सरकारलाही ते ठाऊक होते. म्हणून तर 1948 साली दिल्लीत सचिवालय प्रशिक्षण शाळा निघाली. मला टिप्पणी शिकविली ती माझ्या पहिल्या विभागाधिकाऱ्यांनी, माझे मसुदे लाल शाईने रंगवून. त्याला सहा महिने पुरले.

खरा दोष आहे तो भरतीच्या नियमांत. मी बसतो त्या खुर्चीला बारावी पुरते. वरच्या साहाय्यकाच्या जागेला पदवी लागते, पण ती कोणत्याही विषयाची चालते. आणि परीक्षेत भर कशावर, तर अंकगणित, तर्क, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान यांवर! तीन वर्षे ज्याचा अभ्यास केला, त्याला तेथे कोणी हिंग लावूनही विचारीत नाही. पदवी हा केवळ फाटकावर दाखवायचा दाखला ठरतो. मग विद्यार्थी वर्ग सोडून शिकवणीच्या दारात उभा राहिला, तर नवल ते काय? मीही तेच केले. शेवटच्या वर्षी ग्रंथालयाची पायरी चढलो नाही. परीक्षा पदरात पडली. ते वर्ष मात्र अजून सलते.

डॉ. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने 1949 सालीच सांगितले होते, की सरकारी नोकरीला पदवी अनिवार्य मानू नये. त्यासाठी स्वतंत्र परीक्षा घ्याव्यात. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निवडक क्षेत्रांत पदवी आणि नोकरी यांची फारकत सुचविली. परीक्षा आल्या, पदवीची अट जागच्या जागी राहिली.

या नियमांच्या फायली आपल्यापैकीच काहींच्या मेजावरून जातात. त्यांना माझे नम्र सांगणे एवढेच : एक तर ही अट काढा, नाही तर उमेदवार जे शिकला ते त्याला विचारा. दोन्ही न करता विद्यापीठाला बोल लावणे म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडे!