वऱ्हाडातला अर्धा र

यंदा दिवाळीला अमडापुरास गेलो तो वडिलांचे हस्तलिखित खिशात घेऊन. खिशात म्हणजे मोबाइलमध्ये. आणि खरे पाहता मोबाइलमध्येही नव्हे, क्लाउडमध्ये, म्हणजे ढगात! हल्ली कागदपत्रे तिथे ठेवायची असतात. बुलढाणा जिल्ह्यातला माणूस ढगांवर भरवसा ठेवायला जरा कचरतो, पण ते असो.

नानांनी जन्मभर वऱ्हाडी शब्द टिपले. १९९८ साली चिखलीच्या एका टंकलेखकाकडून ते संगणकावर उतरवून घेतले. मूळ वही पुढे वाळवीने खाल्ली. उरली ती फाइल. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून ढगात, अशा बढत्या घेत ती टिकली. आता नानांच्या वर्षश्राद्धाला पुस्तक काढायचे दादाने ठरवले, आणि तपासनिसाचे काम मराठीचा मास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडले.

ओसरीवर बसून फाइल उघडली आणि डोळेच फिरले. पानभर इंग्रजी अक्षरे. कुणाच्या डोक्यावर टोपी, तर कुणाला शेपूट! पुण्याला फोन केला. दादा म्हणाला, "मला तर स्वच्छ मराठी दिसतंय. तू आधी चष्मा बदल."

उलगडा पुतणीने केला. "काका, जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं मराठी नसतातच. आत इंग्रजी अक्षर, वरून मराठी मुखवटा. बाबांच्या संगणकात तो मुखवटा आहे, तुमच्या फोनमध्ये नाही." म्हणजे ढगाने फाइल जशीच्या तशी सांभाळली होती. तक्ते जागच्या जागी होते, ठळक अक्षर ठळक होते. कागदाच्या चौकटीबाबत कंपन्यांचे आता बरेच जुळले आहे. डॉकएक्स हा साचा २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला, म्हणून एकीचा कागद दुसरीच्या ॲपमध्ये उघडतो. पण चौकट जुळली म्हणून आतले चित्र जुळतेच असे नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. तिने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. आमच्या चिखलीच्या टंकलेखकापर्यंत मात्र ती वार्ता पोचायची होती.

पुतणीने घटकाभरात सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला. मी हर्षभराने पहिली ओळ वाचली: "वर्हाडी शब्दसंग्रह." पुढे "पर्हाटी." वऱ्हाडातला अर्धा र उडून ह-च्या डोक्यावर रफार बसला होता! मराठीचा हा र मोठा नाजूक. युनिकोडात तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक नुक्त्याच्या ऱ-ने, दुसरी साध्या र-पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. ते जोडचिन्ह एखाद्या ॲपमध्ये गळाले की संपले. आणि दोन्ही शाबूत असले तरी डोळ्यांना सारखे दिसणारे हे शब्द शोधताना यंत्र कित्येकदा एकमेकांना ओळख देत नाही.

ह-चे काम सोपे निघाले. रफाराचा ह गर्हणीयसारख्या मोजक्या शब्दांत. ते वगळून बाकी सारे एका फटक्यात बदलले. घात केला य-ने. तिथे सरसकट बदल केला की आचार्यांना आचाऱ्यांच्या चुलीपुढे बसावे लागते! (आमच्या कॉलेजात याने काही जणांचे समाधान झाले असते.) न बदलावे, तर नाना लिहून गेले होते, "डोंगराच्या दर्यांत गुरं चरतात." अमडापुरात दर्या कुठला?

म्हणजे एकेक शब्द ऐकून ठरवणे आले, आणि मूळ वही तर नाही. शेवटी आत्याला बसवले. वय ब्याऐंशी, वाचता येत नाही, कान तिखट.

"वाच नं बाप्पा," ती म्हणाली, "चुकलं त मी सांगतो."

मी मोबाइल डोळ्यांशी धरून वाचू लागलो. चौथ्याच शब्दाला तिने हात वर केला. "तुया बापानं असं नसन लिवलं." आणि नानांच्या थेट आवाजात तिने तो शब्द म्हणून दाखवला.

भाऊबीजेपर्यंत अकरा पाने झाली. चौतीस राहिली आहेत.