रणाविना जखमी

रणांगणांत घायाळ झालेल्या वीरास समाज मस्तकीं धरतो. परंतु रण पाहण्यापूर्वींच, युद्धविद्या शिकत असतां ज्याचा कणा मोडला, त्याची वास्तपुस्त कोणी करावयाची? आमच्या पुसदेस हा प्रश्न दूरचा वाटेल. पण २०२२ पासून मुलींसही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें द्वार खुलें झालें आहे, आणि पदक-गणवेशाचीं स्वप्नें घरोघरीं पाहिलीं जात आहेत. तेव्हां या प्रश्नाचा विचार आपण करावयास हवा.

प्रबोधिनींतील छात्र अधिकारपत्र हातीं पडेपर्यंत अधिकारी गणला जात नाहीं. शिक्षणांत जायबंदी झालेल्या शिपायास माजी सैनिकाचा दर्जा लाभतो. छात्रास मात्र, घरीं धाडल्यावर, अपंगत्वाच्या मानानें मासिक सानुग्रह रक्कम तेवढी मिळे. ऑगस्ट २०२५ मध्यें वृत्तपत्रांतील हकीकत वाचून सर्वोच्च न्यायालयानें स्वतः होऊन हें प्रकरण हातीं घेतलें. त्यानंतर सरकारनें माजी सैनिकांची आरोग्य योजना या छात्रांस खुली केली. हें उत्तम झालें. तथापि योजनेचें पत्रक म्हणजे शुश्रूषा नव्हे.

शुश्रूषेचें शास्त्र आपल्याकडे नवें नाहीं. अपंग सैनिकांस हातास काम शिकविणारी क्वीन मेरीज संस्था १९१७ सालची. पुण्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चें, तर कंबरेखालचें अंग लुळें पडलेल्या सैनिकांसाठीं खडकीचें पुनर्वसन केंद्र १९७४ चें. पण पुणें आम्हांस शेंकडों मैल दूर. रुग्णालयांतून निघालेला मुलगा अखेर घरींच येतो, आणि पुढचीं चाळीस वर्षें घरच्यांच्याच हातीं असतात.

मज्जारज्जूस इजा झाली कीं त्याखालील अंगाची संवेदना जाते. अंथरुणाशीं घासून कातडी कुजूं लागली तरी रोग्यास कळत नाहीं. म्हणून दर दोन तासांनीं, रात्रींसुद्धां, कूस बदलावी लागते. मूत्रमार्गाची स्वच्छता ढिली पडली, तर विकार मूत्रपिंडापर्यंत पोंचतो. हें काम एकट्या आईचें किंवा सुनेचें नव्हे. एकत्र कुटुंबाचा अभिमान आपण मिरवितों, तर पुरुषांनींही रात्रीच्या पाळ्या वांटून घेतल्या पाहिजेत. चाकांच्या खुर्चीसाठीं उंबरठा काढावा लागला, तर तोही काढावा. वास्तूपेक्षां वास्तूंतील माणूस मोठा.

आणखी एक गोष्ट. त्याचें सर्व कांहीं आपणच केलें, कीं माया केली असें घरास वाटतें. खरी माया त्यास कामास लावण्यांत आहे. जो हिशेब ठेवूं शकतो, लहानांस गणित शिकवूं शकतो, पुढील परीक्षेस बसूं शकतो, त्यास माजघरांत निजवून ठेवणें ही दुसरी इजा होय. पहिली अपघातानें झाली. दुसरी आपल्या हातून होऊं नये.

राष्ट्रानें त्याचा भार उचलावा, हा त्याचा हक्कच आहे. परंतु त्याचें माणूसपण राखणें हें घराचें काम. तें सरकारवर सोंपवितां येत नाहीं.